एकदाही न धुतलेली

माणसाने छंद जरूर बाळगावा, पण तो टेबलावर मांडू नये, हे शहाणपण खुर्दाशेठना फार उशिरा सुचलं. तोवर टेबल मांडून झालं होतं, त्यावर नियमाप्रमाणे हिरवं कापड अंथरून झालं होतं, आणि त्यांच्या डोक्यावर जे टांगलं गेलं होतं त्याने त्यांची अब्रूही शेजारीच टांगली होती.

खुर्दाशेठ हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विमा कचेरीत ते हेडक्लार्क होते आणि घरी जुनी नाणी जमवत. पण इमारतीतल्या लोकांना 'जुनी' या शब्दाशी काही देणंघेणं नव्हतं. नाणी म्हणजे सुट्टे, आणि ज्याच्याकडे कपाटभर सुट्टे तो खुर्दाशेठ, इतका सरळ हिशेब. दूधवाला दारात आला की वरखालून हाका सुरू होत. एकदा शेजारच्या काकूंनी तर ते आंघोळीला गेलेले पाहून तबकातला दोनशे वर्षांपूर्वीचा एक राजा उचलला आणि दूधवाल्याच्या हातावर ठेवला. दूधवाल्याने तो उलटसुलट पाहून "चालत नाही" म्हणून परत केला. त्या राजाचा इतका अपमान त्याच्या शत्रूंनीही केला नसेल. खुर्दाशेठ त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे सकाळी जेवले नाहीत.

त्यांची इच्छा एवढीच होती की आपल्याला कुणीतरी संग्राहक म्हणावं. त्याची सोय विभागीय नाणेसंग्राहक मंडळाकडे होती. मंडळाचा एक पितळी बिल्ला असे, त्यावर 'संग्राहक' असं कोरलेलं असे, आणि तो छातीवर लावलेली माणसं जरा मागे रेलून चालत. बिल्ला मिळवायचा तर मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात स्वतःचं टेबल मांडायचं आणि मंडळाच्या एखाद्या जुन्या सभासदाशी निदान एक देवाणघेवाण करायची. विक्री म्हणा, अदलाबदल म्हणा, पण व्यवहार व्हायला हवा.

या सगळ्यात घरचं कपाट कसं आलं, ते सांगायला हवं. बैठकीच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं, त्यात नाणी होती. बायकोचा त्या कपाटावर डोळा होता. तिचे चिनीमातीचे कप लग्नापासून खोक्यात बसून होते. एके दिवशी बोलाचाली वाढली आणि खुर्दाशेठ गरजले, "या वर्षी बिल्ला या घरात आला नाही ना, तर कपाट तुझं! नाणी नेऊन बँकेत भरतो!"

बायको शांतपणे म्हणाली, "परत एकदा बोला. काकू ऐकतायत."

दारात काकू वाटी घेऊन उभ्याच होत्या. खुर्दाशेठ परत एकदा बोलले. माणूस रागाच्या भरात एकदा बोलतो ते समजू शकतं. साक्षीदारासमोर दुसऱ्यांदा बोलतो, त्याला स्वाभिमान म्हणतात.

दुसऱ्याच दिवशी ते मंडळाच्या चिटणीसांपुढे हजर झाले. चिटणीस बारीक, चष्मा कपाळावर ठेवणारे आणि नियम जिभेवर ठेवणारे गृहस्थ होते.

"संग्राहक की विक्रेते?" त्यांनी विचारलं.

"संग्राहक."

"बिल्ला?"

"तोच तर मिळवायचाय."

"मग संग्राहक नाही. दुकान आहे?"

"नाही."

"मग विक्रेतेही नाही. म्हणजे तुम्ही कुणीच नाही." चिटणीसांनी हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं, फक्त रकान्यात काय भरायचं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी 'उमेदवार' असं लिहिलं आणि बजावलं, "उमेदवारांना शेवटचं टेबल. कापड हिरवं. डोक्यावर फलक हवाच. आणि एकदा लावलेला फलक प्रदर्शन संपेपर्यंत उतरवता येणार नाही. उतरवलात तर टेबल रद्द."

"मी कशाला उतरवीन?" खुर्दाशेठ हसून म्हणाले.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. काकूंनी लिंबू आणि मीठ आणून दिलं. "चांगली लख्ख घासून न्या हो. असली काळी ढुस्स नाणी बघून कोण उभं राहील?"

खुर्दाशेठनी दोन्ही हात तबकावर पसरले. या एका बाबतीत ते खरोखरच जाणकार होते. जुन्या नाण्यावर काळाने चढवलेला जो काळपट-हिरवा थर असतो, तीच त्याची श्रीमंती. घासलेलं नाणं म्हणजे जाणकाराच्या लेखी मेलेलं नाणं. "काकू, माझ्याकडचं एकही नाणं आजवर घासलेलं नाही. धुतलेलंसुद्धा नाही!"

"ते दिसतंच आहे," काकू म्हणाल्या आणि लिंबू परत घेऊन गेल्या.

खालच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांचा सल्ला वेगळा होता. "फलकावर शुद्धलेखन सांभाळा. लोक नाणी विसरतील, ऱ्हस्वदीर्घ विसरणार नाहीत. मजकूर मला दाखवा." खुर्दाशेठना मजकूर दाखवायचा नव्हता, कारण तो त्यांनी स्वतः रचला होता आणि त्यात सुधारणेला वाव आहे असं त्यांना वाटत नव्हतं.

इथे सर्दी येते. सुट्टीच्या दिवशी गच्चीच्या वाऱ्यावर बसून त्यांनी नाणी लावली आणि संध्याकाळपर्यंत नाक गच्च चोंदलं. फलकवाल्याकडे जाण्याचं त्राण नव्हतं, म्हणून फोन केला.

"लिहूद घ्या," ते म्हणाले. "जुदी, दुर्बीळ दाडी."

"दाढी?" फलकवाला म्हणाला. "सलूनचा फलक आहे का?"

"दाढी दव्हे! दाडी!"

"तेच म्हणतोय मी, दाढी."

"अहो, दा..." आणि नेमकी तिथे शिंक आली. आली ती शब्दाच्या पोटातच आली. "ना...ह्...ह्ह्छी...णी!" शिंकेने नाक क्षणभर मोकळं झालं आणि दोन्ही अक्षरं कशी खणखणीत वाजली.

"हां, न्हाणी! तसं सांगा की!" फलकवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. खुर्दाशेठच्या कानात त्या वेळी दडे बसले होते. त्यांना वाटलं, समजलं एकदाचं याला.

"तीच, तीच. पुढे लिहा. पिढ्याद्‌पिढ्या जपलेली. एकदाही द घासलेली, द धुतलेली."

फलकवाल्याची लेखणी थांबली. "साहेब, न धुतलेली? हे लिहायचं?"

"तेच तर बहत्त्वाचं!"

"नाही, म्हणजे... गिऱ्हाईक येईल?"

"जाडकार येतील," खुर्दाशेठ गर्वाने म्हणाले. "शेवटी लिहा, जाडकारांदी अवश्य लाभ घ्यावा."

फलकवाल्याने जन्मात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. त्याने कुणाच्या धंद्यात नाक खुपसलं नाही. उलट कोपऱ्यात जागा उरली म्हणून आपल्या पदरचं एक बादलीचं चित्रही टाकलं.

फलक आला तो कागदात गुंडाळलेला. बायको म्हणाली, "उघडून बघा तरी."

"उद्‌घाटनाआधी फलक उघडत नसतात," खुर्दाशेठ म्हणाले. यावर बायकोने काहीच म्हटलं नाही, आणि ती काही म्हणत नाही तेव्हा घाबरावं हे त्यांना इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी ते पुढे गेले. बायको घरचं उरकून डबा घेऊन मागून येणार होती. सभागृह मोठं होतं, आणि त्यांचं टेबल खरोखरच शेवटचं होतं. त्याच्यापुढे फक्त एक बोळ आणि बोळात प्रसाधनगृहं. खुर्दाशेठनी मनाची समजूत घातली की इथून प्रत्येकाला कधी ना कधी जावंच लागेल, तेव्हा जागा मोक्याची आहे. ते खाली वाकून तबकं लावत असताना सभागृहाच्या माणसाने मागच्या भिंतीवर शिडी लावून फलक बांधला, खाली उतरला, वर पाहिलं, खुर्दाशेठकडे पाहिलं आणि शिडी उचलून गेला. खुर्दाशेठचं तोंड लोकांकडे, पाठ फलकाकडे. स्वतः शिडी चढावी लागली असती तर त्यांनी तो वाचला असता.

आणि लोक येऊ लागले! बिल्लेवाल्यांच्या टेबलांवर चार टाळकी होती आणि या उमेदवाराच्या टेबलापुढे दारं उघडताच रांग. पहिले गृहस्थ जरा घाईत दिसत होते.

"आत कुणी आहे का?" त्यांनी विचारलं.

"आत काहीच नाही," खुर्दाशेठ आदराने म्हणाले. "सगळं बाहेरच मांडलंय."

"बाहेरच?" गृहस्थांनी उघड्या टेबलाकडे पाहिलं, हिरव्या कापडाकडे पाहिलं आणि पाय आवळत निघून गेले.

मागच्या बाईंनी विचारलं, "पैसे पडतात का हो?"

"पाहायला नाहीत. हात लावायचा तर मोजे घालावे लागतील."

"मोजे!" बाई पुटपुटल्या. "कधी धुतच नाहीत म्हटल्यावर घालावेच लागतील." आणि त्याही गेल्या. खुर्दाशेठना वाटलं, या बाईंना थराचं महत्त्व कळलं, पण बहुधा परिस्थिती बेताची असावी.

मग एक जाडजूड गृहस्थ आले. ते मात्र निवांत होते. टेबलावर कोपरं टेकून म्हणाले, "आमच्याकडे पण एक आहे. जुनी. आजोबांच्या वेळची."

नाणं जुनं असतं, जुनी नसते. पण हौशी माणसाचं व्याकरण काढायचं नसतं, म्हणून खुर्दाशेठनी ते सोडून दिलं. "वा! कुणी घासलीबिसली नाही ना?"

"बायको रोज घासते की."

खुर्दाशेठनी कपाळावर हात मारला. "रोज? अहो, थांबवा त्यांना! आजच थांबवा! हिला पाण्याचा थेंब लागता कामा नये."

"पाण्याचा नाही?" गृहस्थ गोंधळले. "मग वापरायची कशी?"

"वापरायची? वापरायची नसते! मखमलीवर ठेवायची. वर्षातून एकदा बाहेर काढून भिंगातून बघायची आणि परत डबीत."

गृहस्थांनी बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग ते हलकेच मागे सरकले आणि दोन टेबलं ओलांडल्यावर पळाले. रांगही एव्हाना बोळाकडे वळली होती, आणि जाता जाता प्रत्येक जण वर पाहून नाकाला रुमाल लावत होता. आपली सर्दी लोकांना लागेल या भीतीने लावत असतील, असं वाटून खुर्दाशेठ संकोचले आणि त्यांनीही रुमाल लावला.

दुपार झाली. जुना सभासद एकही फिरकला नव्हता. बिल्लेवाले लांबूनच घोळका करून त्यांच्याकडे बोट दाखवत आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत. खुर्दाशेठच्या डोळ्यांपुढे कपाटातले चिनी कप नाचू लागले. नाणी बँकेत भरायची, म्हणजे खिडकीतला कारकून त्या राजालाही "चालत नाही" म्हणणार.

तेवढ्यात खाकी पिशवी घेतलेले एक गंभीर गृहस्थ आले. ते आरोग्य खात्याचे निरीक्षक होते, उपाहारगृह तपासायला आले होते आणि कुणीतरी त्यांना इकडे पाठवलं होतं. मागोमाग चिटणीसही कपाळावरचा चष्मा सावरत धावत आले.

"कधीपासून धुतलेली नाही?" निरीक्षकांनी विचारलं.

खुर्दाशेठना भरून आलं. दिवसातला पहिला मुद्द्याचा प्रश्न! "पिढ्यान्‌पिढ्या, साहेब! शंभर, दोनशे वर्षं!"

"आणि हे तुम्ही उघड कबूल करता?"

"कबूल? अभिमानाने सांगतो! हा जो हिरवा थर आहे ना, तीच खरी शोभा. धुतली की कवडीमोल होते."

"दाखवा कुठे आहे ती."

खुर्दाशेठनी तबक पुढे केलं. निरीक्षकांनी तबकात पाहिलं, मग वर पाहिलं, मग परत तबकात पाहिलं. त्यांच्या नोकरीत असा प्रसंग बहुधा आला नसावा.

याच वेळी बायको डबा घेऊन आली, आणि तिच्याबरोबर मुख्याध्यापकही. ती टेबलापुढे थांबली. वर बघून तिने मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून वाचलं.

"जुनी, दुर्मीळ न्हाणी. पिढ्यान्‌पिढ्या जपलेली. एकदाही न घासलेली, न धुतलेली. जाणकारांनी अवश्य लाभ घ्यावा."

"'न'ला 'ह' जास्तीचा जोडलाय," मुख्याध्यापक म्हणाले. "बाकी शुद्धलेखन निर्दोष आहे. 'दुर्मीळ'चा 'मी' दीर्घ आहे. बादली कशाला, ते मात्र कळलं नाही."

खुर्दाशेठ वळले. त्यांनी फलक पाहिला. सकाळपासूनचा प्रत्येक चेहरा, प्रत्येक रुमाल आणि प्रत्येक वाक्य त्यांना ओळीने आठवत गेलं, आणि प्रत्येक आठवणीबरोबर ते थोडे थोडे खाली बसत गेले. सभोवती आता शंभरेक माणसं जमली होती. बिल्लेवाले तर खुर्च्यांवर उभे होते.

"उतरवा तो!" ते चिटणीसांना म्हणाले.

"उतरवलात तर टेबल रद्द," चिटणीस म्हणाले.

"फलक कुणाचा आहे?" निरीक्षकांनी पिशवीतून पेन काढून विचारलं. "ज्याचा असेल त्याच्यावर कारवाई करावी लागेल. आरोग्याची चेष्टा चाललीय."

आणि खुर्दाशेठनी जे आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. दोन्ही हात वर करून शंभर माणसांपुढे ओरडले, "माझा नाही! माझा या फलकाशी काहीएक संबंध नाही!"

बायकोने डबा टेबलावर ठेवला, पदर खोचला आणि म्हणाली, "माझा आहे. काय करायचं ते करा."

"तुमचा?" निरीक्षक म्हणाले.

"माझा. फलकावर न्हाणी असं लिहिलंय, इथे न्हाणी आहे का? नाही ना? मग नसलेली न्हाणी कुणी धुवायची? तुम्ही धुणार?"

निरीक्षकांनी जरा विचार केला. नसलेल्या न्हाणीबद्दल त्यांच्या नियमांत काही नसावं. ते पेन पिशवीत ठेवून उपाहारगृहाकडे परतले. खुर्दाशेठ खुर्चीत बसून बायकोकडे पाहत राहिले. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. ज्या कपाटासाठी ही इतकी वर्षं भांडत होती ते आज आपसूक मिळत होतं. तिने तोंडातून अक्षर काढलं नसतं तरी ते तिला मिळालं असतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सर्दीचं नव्हतं.

"जरा वाट द्या," गर्दीतून आवाज आला. एक ठेंगणे म्हातारे गृहस्थ भिंग हातात घेऊन पुढे आले. बिल्लेवाले बाजूला झाले. मंडळाचे हे सर्वांत जुने सभासद. त्यांना चूकभूल म्हणत, कारण ते फक्त चुकलेली नाणी जमवत: आडवा ठसा पडलेली, अक्षर गळलेली, राजाचं डोकं उलटं छापलेली. नीट पाडलेल्या नाण्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. त्यांचा शब्द मंडळात शेवटचा असे.

त्यांनी फलक भिंगातून पाहिला, वास्तविक तो भिंगाशिवाय बोळाच्या टोकापासून दिसत होता. "एका 'ह'ने सगळा अर्थ फिरला," ते हळुवारपणे म्हणाले, "आणि व्याकरण मात्र कुठेही मोडलं नाही. पन्नास वर्षं चुका जमवतोय मी. इतकी निर्मळ चूक पाहिली नाही. बाई, हा मला द्याल? बदल्यात हे घ्या." त्यांनी डबीतून एक तांब्याचं नाणं काढलं. त्यावर ठसा दोनदा पडला होता आणि राजाला दोन नाकं होती.

खुर्दाशेठ खुर्चीतून उडाले. दोन नाकांचा राजा! साऱ्या विभागात असा एकच होता. ते "हो" म्हणायला तोंड उघडणार, इतक्यात बायकोने हाताने थांबवलं.

"छे, छे," ती म्हणाली. "हा एकुलता एक आहे. दुसरी प्रत नाही. शिवाय मूळ अवस्थेत आहे."

"मान्य," चूकभूल म्हणाले.

"एकदाही धुतलेला नाही."

"तेही दिसतंय."

"आणि दोन नाकं म्हणजे सर्दीची दुप्पट कटकट. मी एका नाकाने बेजार झालेय. आणखी काय आहे डबीत?"

खुर्दाशेठना तिचा हात दाबायचा होता, पण शिंक आवरण्यात दोन्ही हात गुंतले होते. चूकभूलनी सुस्कारा सोडून आणखी एक नाणं काढलं, त्याच्या दोन्ही बाजूंना छापाच होता. बायकोने ते हातावर घेतलं, उलटं केलं, परत उलटं केलं. "हं. हे बरं आहे. घरात वादाला पडेल उपयोगी." मग तिने दोन्ही नाणी डब्याच्या झाकणात ठेवली आणि प्रदर्शन संपल्यावर उतरवून न्यायच्या बोलीवर फलक दिला.

टाळ्या पडल्या. खुर्दाशेठनी नाक पुसलं, सदरा नीट केला आणि छाती पुढे काढून चिटणीसांसमोर उभे राहिले. चिटणीसांनी खिशातून बिल्ला काढला, त्यांना ओलांडला आणि बायकोपुढे धरला.

"अहो, उमेदवार मी आहे!"

"फलक कुणाचा?" चिटणीस म्हणाले. "तुमचा काहीएक संबंध नाही, असं तुम्हीच शंभर जणांसमोर सांगितलंत. व्यवहार यांचा, वस्तू यांची, बोलणीही यांनीच केली. तुम्ही फक्त शिंकलात."

"पण टेबल..."

"टेबलावर यांचा डबा आहे," मुख्याध्यापक म्हणाले. नको तिथे नेमकं बोलण्याची त्यांना सवय होती.

घरी येईपर्यंत खुर्दाशेठ खाली मान घालून चालत होते. बायको मात्र जरा मागे रेलून चालत होती. दार उघडल्यावर ती सरळ काचेच्या कपाटापाशी गेली. खुर्दाशेठ उंबऱ्यातच थांबले. बिल्ला त्यांनी मिळवला नव्हता, हे खरं होतं. आता आपणहून नाणी काढून द्यावीत, आजच्यानंतर तेवढं तरी तिचं देणं लागतो, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

"मी खोकी आणतो," ते म्हणाले. "तुझे कप लाव यात. नाणी उद्या बँकेत नेईन."

"कशाला?" बायको म्हणाली. "बिल्ला घरात आला नाही, तर कपाट माझं, असं ठरलं होतं. बिल्ला आलाय घरात. काकूंना विचारा हवं तर."

खुर्दाशेठनी मान डोलावली. तिने डब्याचं झाकण उघडलं, दोन नाकांचा राजा वरच्या खणात मधोमध ठेवला, दोन पावलं मागे सरून पाहिला आणि मग त्यांची तबकं एकेक करून खाली सरकवायला घेतली.

"वरचा खण माझा," ती म्हणाली. "तुमची नाणी खालच्यात. आणि माझ्यातलं काही बघायचं असेल तर आधी विचारायचं, मोजे घालायचे, आणि शिंकायचं नाही."